हिवाळ्यात रोज सायकल चालवणाऱ्यांसाठी खिळ्यांचे टायर : चार हिवाळ्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

जिथे रात्री तापमान शून्याखाली जाते आणि दुपारी पुन्हा वर येते, अशा हवेत सायकलनेच कामावर जायचे ठरवले, की टायरचा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. माझ्यासमोर तो पडल्यामुळे आला. रस्ता स्वच्छ दिसत होता, वेग बेताचा होता, वळणही नव्हते. मात्र आदल्या दुपारी वितळलेल्या चिखलात गाड्यांनी पाडलेली चाकोरी रात्रीतून गोठून दगडासारखी झाली होती, आणि माझे पुढचे चाक तिच्या कडेला घासून एका बाजूला निसटले. हात पुढे करायलाही वेळ मिळाला नाही, आणि पुढचे दोन आठवडे मनगट बांधून काढावे लागले. त्यानंतर मी खिळ्यांचे टायर, म्हणजे ज्यांच्या रबरातून धातूची बारीक टोके बाहेर डोकावतात असे टायर घेतले, पहिल्यांदा स्वस्तातले आणि पुढच्या वर्षी नीट अभ्यास करून श्वाल्बे या जर्मन कंपनीचे ‘मॅरेथॉन विंटर प्लस’. या दुसऱ्या जोडीवर आता चार हिवाळे झाले आहेत. हा अभिप्राय मुख्यतः तिच्याबद्दल आहे, पण ती निवडताना ज्या गोष्टी मला उशिरा कळल्या त्याही येथे सविस्तर मांडते.

सुरुवातीलाच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मराठीत आपण आकाशातून पडणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि पाणी गोठून झालेल्या थरालाही बर्फच म्हणतो. टायर निवडताना मात्र या दोन्हींची गल्लत महागात पडते, म्हणून या लेखापुरते पहिल्याला हिम आणि दुसऱ्याला बर्फ म्हणते. भुसभुशीत हिमात खिळे जवळजवळ निरुपयोगी असतात, कारण त्यांना रुतायला काही कठीण लागतच नाही. तेथे काम करते ती टायरची खोल नक्षी आणि त्याची रुंदी. चाकांखाली दाबून घट्ट झालेल्या हिमावर, विशेषतः कडाक्याच्या थंडीत, चांगल्या नक्षीचा साधा टायरही बऱ्यापैकी पकड देतो. खिळ्यांची खरी गरज बर्फावर असते, आणि बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्याच्या आसपास, जेव्हा त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. म्हणजे उणे पंधरातल्या दिवसापेक्षा उणे एकमधली सकाळ अधिक सांभाळून काढावी लागते. थर्मामीटरवरचा आकडा पाहून आपला अंदाज नेमका उलटा होतो, हे मला पहिल्या हिवाळ्यात कळले नव्हते.

टायर विकत घेताना बहुतेकजण आपला रस्ता साधारणपणे कसा असतो याचा विचार करतात. मीही तोच केला होता. माझा एकेरी रस्ता सुमारे नऊ किलोमीटरचा आहे आणि त्यातला आठ किलोमीटरहून अधिक भाग हिवाळ्यातही काळाभोर, मीठ टाकून कोरडा केलेला असतो. राहिलेल्या भागात एक पूल आहे, ज्याच्या खालूनही थंड वारा वाहत असल्यामुळे तो लगतच्या रस्त्याच्या आधी गोठतो. आणि उताराच्या पायथ्याशी सावलीत असलेली एक पायवाट आहे, जिच्यावर वरून झिरपणारे पाणी रोज रात्री आडवे पसरून गोठते. टायर निवडायचा तो या शेवटच्या तुकड्यासाठी. उरलेल्या आठ किलोमीटरवर तो थोडा जड वाटला तर पाच मिनिटे जातात. त्या पायवाटेवर तो अपुरा पडला तर हाड मोडते. हा हिशेब मनात पक्का झाल्यावर बाकीचे निर्णय फार सोपे गेले.

पहिला निर्णय खिळ्यांच्या संख्येचा वाटतो, पण खरे तर तो त्यांच्या रांगांचा आहे. नोकियनच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या हक्कापेलिट्टा टायरांमध्ये हे नावातच दिसते : डब्ल्यू १०६ मध्ये १०६ खिळे आणि डब्ल्यू २४० मध्ये २४०. (हक्कापेलिट्टा हे सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचे नाव, मोटारींच्या हिवाळी टायरांना ते १९३६ पासून दिले गेले.) शंभराच्या आसपास खिळे असलेल्या टायरात सहसा दोनच रांगा असतात. सरळ जाताना, सपाट बर्फावर त्या पुरतात. पण चाकोरीत चाक अडकते तेव्हा जमिनीला टेकतो तो टायरचा मध्य नसतो; चाकोरीच्या तिरप्या भिंतीला टायरची बाजू घासत असते, आणि त्या बाजूवर नुसते रबर असेल तर ते भिंतीवर चढू शकत नाही, घसरत राहते. चाक ज्या दिशेला नेईल त्या दिशेला आपण जातो आणि शरीर मात्र सरळच जात असते. माझे पडणे नेमके असेच होते. चार रांगांच्या टायरात बाहेरच्या दोन रांगा या भिंतीला चावतात आणि चाक वर काढतात. ‘मॅरेथॉन विंटर प्लस’च्या २८ इंची टायरात चार रांगांत मिळून २४० खिळे आहेत, आणि मी तो घेण्याचे हे मुख्य कारण होते.

दुसरी गोष्ट खिळ्याच्या धातूची. चांगला खिळा दोन भागांचा असतो : रबरात रुतून बसणारा रुंद बुडाचा पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा तळ, आणि त्याच्या मधोमध बाहेर डोकावणारे टंग्स्टन कार्बाइडचे टोक. कार्बाइड पोलादापेक्षा कितीतरी कठीण असल्यामुळे कोरड्या डांबरावर घासूनही ते वर्षानुवर्षे टिकते. माझ्या पहिल्या, स्वस्तातल्या जोडीचे खिळे सबंध साध्या पोलादाचे होते. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण तसे टायर अनेकजण बनवतात. एका हिवाळ्यात त्यांची टोके घासून गोलसर, चकचकीत झाली. बोट फिरवले तर खरखर लागेनाशी झाली होती. शिवाय काही खिळ्यांची बुडे आतून ट्यूबला टोचू लागली, आणि थंडीत बधिर झालेल्या बोटांनी रस्त्याच्या कडेला पंक्चर काढण्याचा प्रसंग माझ्यावर तीनदा आला. श्वाल्बेच्या टायरात नक्षीच्या खाली पंक्चर रोखणारा जाड लवचीक थर आहे. चार हिवाळ्यांत एकदाही हवा गेलेली नाही, आणि हरवलेले खिळे मोजले तर पुढच्या चाकाचा एक आणि मागच्याचे चार एवढेच.

प्रत्यक्ष वापराचा अनुभव सांगायचा तर आवाजापासून सुरुवात केली पाहिजे, कारण हे टायर आधी ऐकू येतात. कोरड्या डांबरावर पत्र्यावर पावसाची सर पडावी तसा सतत तडतडाट होतो. बर्फ सुरू झाला की तो आवाज एकदम बसतो आणि बारीक करकर ऐकू येऊ लागते. पहिल्या काही दिवसांत मला तो फरक केवळ आवाजाचा वाटला. नंतर लक्षात आले की अंधारात, दिव्याच्या उजेडात पाणी आणि बर्फ सारखेच चकाकत असताना, आपण कशावर आहोत हे मला कान सांगत आहेत. त्या सावलीतल्या पायवाटेवर मी पहिल्यांदा गेले तेव्हा पायडल थांबवून श्वास रोखून बसले होते, आणि सायकल पलीकडे सरळ निघाली. पलीकडे थांबून पाय खाली टेकवला तर बूट सर्रकन घसरला. सायकल आपल्या जागी स्थिर उभी होती आणि मला मात्र हँडल धरून तोल सावरावा लागला. म्हणून जे हे टायर घेतील त्यांनी बुटांच्या तळव्यांचाही विचार करावा, ही मनापासूनची सूचना.

हवेचा दाब हा या टायरांमधला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दाब भरपूर असला की टायर मधल्या भागावरच धावतो, बाजूचे खिळे जमिनीपासून थोडे वर राहतात आणि सायकल हलकी चालते. दाब कमी केला की टायर पसरतो आणि चारही रांगा कामाला लागतात. त्यामुळे हवामान पाहून आदल्या रात्री हवा कमी-जास्त करण्याची मला सवय लागली आहे. टायरच्या बाजूवर छापलेल्या किमान मर्यादेच्या खाली मात्र जाऊ नये. येथे थंडीचाही हिशेब धरावा लागतो. वीस अंशांच्या खोलीत ४ बार हवा भरून सायकल उणे दहात बाहेर काढली, तर काहीही न गळता दाब सुमारे साडेतीन बारवर येतो. घरात हवा भरून बाहेर मऊ पडलेला टायर पाहून मी पहिल्या वर्षी उगीचच पंक्चर शोधत बसले होते.

आता तोटे. हे टायर जड आहेत. रुंदीप्रमाणे एकेक टायर सुमारे एक किलोचा किंवा त्याहून अधिक भरतो, आणि ते वजन चाकाच्या परिघावर असल्यामुळे प्रत्येक सिग्नलनंतर वेग घेताना जाणवते. माझ्या नऊ किलोमीटरांना उन्हाळ्यापेक्षा पाच-सहा मिनिटे जास्त लागतात, त्यात जाड कपड्यांचा आणि थंड हवेचाही वाटा आहे. विजेच्या सायकलीवर बॅटरी लवकर उतरते. कोरड्या डांबराच्या वळणावर पकड साध्या टायरपेक्षा किंचित कमीच असते, आणि गुळगुळीत फरशी, ओली लोखंडी झाकणे किंवा रेल्वेचे रूळ यांच्यावर कठीण टोकांना रुतायला जागा नसल्याने ते घसरू शकतात. बर्फावरही ब्रेक लावायचे अंतर वाढतेच. खिळे घसरणे टाळतात, पण त्यांनी बर्फाचे डांबर होत नाही. मी वळणाआधीच, सायकल सरळ असताना आणि मागच्या ब्रेकवर भर देऊन वेग कमी करते.

एकच टायर घेता येत असेल तर तो पुढे बसवावा. मागचे चाक घसरले तर बहुतेक वेळा सायकल थोडी वाकडी होते आणि सावरता येते. पुढचे निसटले तर सावरायला काहीच उरत नाही. माझे स्वतःचे मत मात्र जोडीच घ्यावी असे आहे, कारण चढावर मागचे साधे चाक जागच्या जागी फिरू लागते आणि चाकोरीत अडकलेले मागचे चाक पुढच्यालाही आडवे ओढते.

बसवताना तीन गोष्टी पाहाव्यात. मडगार्ड आणि टायर यांच्यात खिळ्यांसकट पुरेशी मोकळी जागा हवी, कारण चिखलमिश्रित हिम तेथे साचून गोठते आणि चाक जाम करते. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तो पाळावा. आणि नवे टायर पहिले चाळीसेक किलोमीटर डांबरावर, जोरात ब्रेक न लावता आणि झटक्यात वेग न घेता चालवावेत, म्हणजे खिळे आपापल्या भोकांत घट्ट बसतात. या शेवटच्या कारणासाठी टायर पहिल्या गोठणाऱ्या रात्रीच्या आधीच चढवणे इष्ट; बर्फ झाल्यावर घाईने बसवलेल्या टायरांचे खिळे सर्वांत आधी गळतात. टायर चढवताना जाड हातमोजे घालावेत, कारण ही टोके तळहात सोलून काढतात.

ज्यांच्या सबंध रस्त्यावर मीठ पडते आणि चाकोऱ्या होतच नाहीत, त्यांना दोन रांगांचा हलका टायर पुरेल, आणि तो वेगाने चालेल. ज्यांना रानवाटांनी, खोल हिमातून आणि उघड्या बर्फावरून जायचे आहे त्यांनी श्वाल्बेचाच ‘आइस स्पायकर प्रो’ पाहावा. त्याच्या २९ इंची टायरात ४०२ खिळे आहेत आणि नक्षीही खोल आहे, पण डांबरावर रोजच्या जाण्यायेण्यासाठी तो मी घेणार नाही. या दोन्हींच्या मधला, थोडे डांबर, थोडा बर्फ आणि रोज बदलणारी सकाळ असा ज्यांचा रस्ता आहे, त्यांना मी ‘मॅरेथॉन विंटर प्लस’ निःशंकपणे सुचवते.

गळालेल्या पाच खिळ्यांच्या जागी मी गेल्या महिन्यात सुटे खिळे बसवले. भोकात साबणाच्या पाण्याचा थेंब सोडायचा, खिळा तो बसवण्याच्या हत्याराच्या टोकावर ठेवायचा आणि जोर लावून फिरवत आत दाबायचा; प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे लागली. शेवटची गोठणारी रात्र सरली की मी टायर उतरवते, धुऊन वाळवते, पुढचा कोणता आणि मागचा कोणता हे खडूने लिहून ठेवते आणि उन्हापासून दूर, थंड व अंधाऱ्या जागी टांगते. मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून पुढच्या हिवाळ्यात कमी झिजलेला, सगळे खिळे शाबूत असलेला टायरच पुन्हा पुढे जातो.