फाइल उघडताना: मधली चौकट की वरची पट्टी?

ऑफिस पॅकेज, म्हणजे पत्रं, तक्ते वगैरे करायच्या प्रोग्रामांचा संच, निवडताना फॉन्ट, फॉरमॅट, किंमत सगळे बघतात. फाइल उघडताना ते किती आणि कसं अडवतं, हे बघायचं राहून जातं. रोज नडतं मात्र तेच.

अडवायच्या तऱ्हा दोन. चौकट मधोमध येते आणि उत्तर घेतल्याशिवाय फाइल दाखवत नाही. पट्टी फाइल उघडू देते आणि सूचना वर ठेवते. मायक्रोसॉफ्ट ऑफिस 2010 पासून आलेली ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ची पिवळी पट्टी या दुसऱ्या जातीची; बाहेरून आलेली फाइल ती आधी फक्त वाचू देते. लिबरऑफिस हे मोफत पॅकेजही रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या, फाइलवर अशीच पट्टी दाखवतं.

माझा कौल एका चौकटीमुळे ठरला. आधीच्या पॅकेजमध्ये शीट उघडली की प्रश्न यायचा: दुसऱ्या फाइलींच्या लिंक आहेत, अपडेट करू का? अहो, शीट अजून दिसलीच नाही, तर त्यात कुठले आकडे कुठून आलेत हे मी कशावरून सांगू? ‘हो’ म्हणावं तर तपासून ठेवलेला आकडा बदलायची भीती, ‘नाही’ म्हणावं तर शिळा आकडा पुढे जायची. त्यात चार-पाच फाइली एकदम उघडल्या की चौकट दुसऱ्या विंडोमागे दडते आणि प्रोग्राम हँग झालाय असं वाटतं. टाइप करताना उगवली तर आपला एंटर तिलाच लागतो; काय विचारलं होतं हे वाचायच्या आत ती गेलेली असते.

काही चौकटी मात्र हव्यातच. सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरात ठेवलेला तक्ता, उघडताना लिबरऑफिसचा तक्त्यांचा प्रोग्राम कॅल्क एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) आणि कॉलमचे प्रकार विचारतं, खाली नमुनाही दाखवतं. तिथे यूटीएफ-8 निवडलं की देवनागरी नावं शाबूत राहतात, आणि कॉलम ‘टेक्स्ट’ केला की नंबरांपुढची शून्यं जात नाहीत. हा प्रश्न आधीच विचारायला हवा.

पट्टीही निर्दोष नाही. ती नजरेतून सुटते आणि टाइप का होत नाही हे कळत नाही. इंटरनेटवरून आलेल्या मॅक्रोंवर, म्हणजे फाइलमध्ये दडलेल्या छोट्या प्रोग्रामांवर, मायक्रोसॉफ्टने 2022 पासून जी लाल पट्टी आणली, तिच्यावर तर परवानगीचं बटणच नाही. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’ करावं लागतं. सुरक्षेसाठी ते मला पटतं, घाईत मात्र जाच होतो.

ज्याचं काम बहुतेक स्वतःच्याच फाइलींवर चालतं, त्याला कदाचित फरक जाणवणार नाही. दुसऱ्यांच्या फाइली वाचायच्या असतील तर मी पट्टीवालंच घ्या म्हणेन. घेण्याआधी आपल्याच तीन फाइली उघडून बघा: एक लिंकवाली, एक मेलवरून आलेली, एक सहकाऱ्याकडे आधीच उघडी असलेली. किती प्रश्नांची उत्तरं मजकूर वाचल्यावर देता येतात, तेवढं बघा.