जळगावात ट्रेलर हलका करून घ्यायचा असेल तर

एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारं एक वर्कशॉप आता प्रवासी ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे जोडून फिरायला न्यायच्या ट्रेलरच्या, जड बॉड्याही हलक्या करून देतं. हात चांगला आहे, फक्त दोन ठिकाणी उभं राहून काम करून घ्यावं लागतं.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ग्राइंडर लावण्याआधी ट्रेलर वजनकाट्यावर जातो. आधी सोडवलेला अख्खा ट्रेलर, मग गाडीला जोडून फक्त त्याची चाकं. दोन्हींतला फरक म्हणजे हुकवरचा भार. तो एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवा. पुढचंच सामान काढलं तर वजन घटतं, पण वेगात ट्रेलरची शेपटी हलायला लागते.

चासीला ते हात लावत नाहीत, हे बरोबरच. बॉडीचा लोखंडी पत्रा काढून ॲल्युमिनियमचा लावतात. 3 मिमीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो, तेवढाच ॲल्युमिनियमचा आठ. कपाटांचा 18 मिमी प्लाय काढून 9 मिमी लावतात आणि आतून हलकी फ्रेम देतात. 18 मिमीची एक आठ बाय चारची शीटच तीस किलोच्या पुढे जाते.

चूक होते ती रिवेटमध्ये. खान्देशातल्या उन्हात पत्रा चटका बसेल इतका तापतो. पहाटेपेक्षा 50 अंशांनी तापला की आठ फुटी ॲल्युमिनियम पावणेतीन मिमी वाढतो, खालचं लोखंड त्याच्या निम्मंच. भोकं घट्ट असली की पत्र्याला पोट येतं, भोकं लांबट होतात आणि पहिल्याच पावसात पाणी आत. भोकं थोडी सैल, मोठ्या डोक्याचे रिवेट आणि मध्ये रबरी पट्टी, हे आधीच सांगा. पट्टी नसली तर लोखंडाला टेकलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यात पांढरं पडून खाल्लं जातं.

ॲव्हरेज सगळीकडे वाढेल, असं तिथे सांगतात. ते पटत नाही. हलकेपणाचा फायदा लळिंगच्या, बिजासनच्या चढावर आणि गावातल्या थांब-चालमध्ये. सपाट हायवेवर खरा खर्च हवेचा: 70 वरून 90 वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो. आणि पाण्याची 100 लिटरची टाकी घरूनच काठोकाठ भरून निघालात तर काढलेल्या वजनातले 100 किलो परत चढले. वीस-तीस लिटर घ्या, पुढे धुळ्याला, शिरपूरला भरा.

पैसे देताना काट्याच्या जुन्या-नव्या दोन्ही पावत्या मागून घ्या, हुकच्या भारासकट.