लेआउट कन्सल्टंट बोलावला होता त्याचा रिव्ह्यू (भोसरी एमआयडीसी, छोटं मशीन शॉप)

५ पैकी साडेतीन स्टार. फर्मचं नाव टाकत नाहीये, कारण काही गोष्टी एक नंबर आणि काही डोकं फिरवणाऱ्या आहेत आणि भोसरीत सगळे सगळ्यांना ओळखतात.

आमचं काम म्हणजे फ्लँज, शाफ्ट, बुश असलं टर्निंग-मिलिंग, थोडं ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट बाहेर. शेजारचा गाळा मिळाला, मधली भिंत फोडली आणि शेठ म्हणाले आता जागा दिसली की मशीन ढकललं असं करू नका, एकदा नीट प्लॅन करून घ्या. (वास्तूवाले आधीच येऊन गेले होते, त्यांनी कॉम्प्रेसर आग्नेयेच्या कोपऱ्यात सांगितला, आणि गंमत म्हणजे कन्सल्टंटनेही तो तिथेच टाकला, त्याचं कारण एवढंच की आवाज आणि हादरा इन्स्पेक्शनपासून लांब राहतो. शेठ दोघांवरही खूश.)

आता सगळ्यात भारी काय होतं ते. कन्सल्टंटची दोन पोरं आली, शेडचा प्लॅन ए-थ्री कागदावर प्रिंट केलेला, आणि फ्लँजचा एकच लॉट पकडून त्याच्या मागे मागे फिरत बसली. ट्रॉली जिथे जाईल तिथे पेन्सिलची रेघ, आणि जिथे थांबेल तिथे किती वेळ थांबली ते लिहायचं. याला स्पॅगेटी डायग्राम म्हणतात. बँडसॉ (रॉड कापायची करवत) मागच्या शटरजवळ, कारण रॉड तिथे उतरतो, टर्निंग (म्हणजे लेथ) पुढच्या बाजूला, तिथून जॉब परत मागे व्हीएमसीला (मिलिंगचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन), मग डिबरिंगचं (धारदार कडा घासून काढायचं) टेबल ग्राइंडरला चिकटून, का तर तिथे प्लग पॉइंट होता, मग इन्स्पेक्शन वर माळ्यावर कारण एसी फक्त तिथे, आणि ओके झालेला माल पुन्हा खाली पॅकिंगला. हे सगळं आम्हाला माहीतच होतं हो, रोज तर बघतो, पण कागदावर तो गुंता बघितल्यावर शेठ दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

आणि खरा मुद्दा अंतराचा नव्हताच. एका नगाला मशीनचा वेळ सगळा मिळून पाऊण तास पण नाही आणि लॉट मात्र आठवडाभर फ्लोअरवर पडून. याचं गणित त्यांनी बोर्डवर करून दाखवलं, लिटल्स लॉ म्हणून आहे, सोपं आहे एकदम: शॉपमध्ये अर्धवट झालेले १००० नग पडलेत आणि रोज २०० बाहेर जातायत तर आज आत आलेला रॉड ५ दिवसांनीच गाडीत चढणार, तुम्ही कितीही आरडाओरडा करा. म्हणजे लवकर डिलिव्हरी द्यायची तर मधला साठा कमी करा, आणि मशीन लांब लांब असली की साठा होतोच, कारण चार नगांसाठी ट्रॉली कोण ढकलत नेणार, माणूस बिन भरेपर्यंत थांबतो. हे एवढं कळलं तरी अर्धी फी वसूल असं माझं मत.

मग रिलेशनशिप चार्ट. रिचर्ड म्यूथर नावाच्या अमेरिकन माणसाची पद्धत आहे, सिस्टिमॅटिक लेआउट प्लॅनिंग, १९६१ ची (लिटलने ते गणित सिद्ध केलं तेही १९६१ लाच, चांगलं वर्ष दिसतंय). प्रत्येक दोन विभागांच्या जोडीला एक अक्षर द्यायचं, ए म्हणजे चिकटूनच पाहिजे, मग ई, आय, ओ, यू असं उतरत जायचं आणि एक्स म्हणजे जवळ अजिबात नको. आमचे स्टोअर, टूल क्रिब (हत्यारांची खोली), डिस्पॅच, टॉयलेट सगळं धरून १२ विभाग, म्हणजे ६६ जोड्या, आणि प्रत्येक अक्षराच्या खाली कारण लिहायचं. कंटाळा येतो, पण भांडणं इथेच मिटतात. ग्राइंडिंग आणि इन्स्पेक्शनला एक्स पडला आणि क्वालिटीवाला इतके दिवस जे ओरडत होता ते एका अक्षरात कागदावर आलं.

इथपर्यंत पाच स्टार. पुढे गाडी घसरली.

पहिलं ड्रॉइंग आलं ते एसीत बसून काढलेलं. अंतरं सरळ रेषेत मोजलेली, एका मशीनच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, अरे पण ट्रॉली काय लेथच्या आरपार जाते का, ती गल्लीतून वळून जाणार ना! व्हीएमसीची पाठ भिंतीला टेकवलेली, म्हणजे मागच्या इलेक्ट्रिक पॅनलचं दार उघडणार कसं आणि चिप कन्व्हेयर (कीस बाहेर टाकणारा पट्टा) साफ करायला बाहेर ओढायचा कुठे. आणि बँडसॉ त्यांनी मस्त मध्ये आणला, फ्लोच्या हिशोबाने बरोबर, पण आमच्याकडे रॉड ६ मीटरचा येतो. आमचे सेटर मामा ड्रॉइंग बघून एवढंच म्हणाले, "साहेब, हा रॉड या कोपऱ्यावर वळवून दाखवा." कोणी बोललंच नाही. बँडसॉ परत शटरजवळ गेला आणि त्याऐवजी टर्निंगच मागे सरकवलं, जे खरंतर आधीच सुचायला हवं होतं.

थ्री-डी मॉडेल वगैरे दिलं, त्यात माणसं पण चालताना दिसतात, शेठने सगळ्या पाहुण्यांना दाखवलं. मला विचाराल तर त्याचे पैसे वाचवा. त्यापेक्षा मशीनचे पुठ्ठे मापात कापून (दार उघडं धरून मापायचं) प्लॅनवर ठेवा आणि ऑपरेटरला सरकवू द्या.

एक चांगली गोष्ट राहिली, फॅक्टरीज ॲक्टचं (कारखान्यांचा कायदा, २०२५ पर्यंत लागू होता) त्यांनी आठवणीने बघितलं. त्यात माणशी १४.२ घनमीटर जागा लागायची आणि ४.२ मीटरच्या वरची उंची धरत नव्हते, आमचं शेड उंच आहे म्हणून आम्ही निवांत होतो, पण वरची हवा हिशोबातच धरत नव्हते हे त्यांच्यामुळे समजलं.

फायनल लेआउटमध्ये फ्लँजसाठी दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी यू आकारात लावली, डिबरिंग टेबल आणि गेज तिथेच, नग हातातून हातात जातो, एक ऑपरेटर तिन्ही बघतो. इन्स्पेक्शन खाली आलं. बाकी जॉबिंगची मशीन पूर्वीसारखी, लेथच्या बाजूला लेथ, कारण तिथे दर महिन्याला जॉब बदलतो आणि अशा कामाला सेल (एकाच मालासाठी असा मशीनचा गट) बांधून उपयोग नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, त्याबद्दल मान आहे. रिझल्ट? मधला साठा दिसण्याइतका कमी झाला, फ्लँज लवकर जातात. पण दिवसाचे नग फारसे वाढले नाहीत आणि शेठची अपेक्षा तीच होती. वाढतील कसे, व्हीएमसीचा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) लेथच्या दुप्पट आहे, मशीन कुठेही ठेवा तो तेवढाच राहणार. हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवं होतं. अर्धा स्टार त्याचा कापला, एक ड्रॉइंगचा.

फी म्हणाल तर व्हीएमसीच्या दोन-तीन हप्त्यांएवढी. पण त्यात फक्त स्टडी आणि ड्रॉइंग. हायड्रा (मशीन उचलायची क्रेन), केबल ट्रे, एअर लाइन, मशीन हलवल्यावर पुन्हा लेव्हलिंग करायला येणारा सर्व्हिस इंजिनिअर, हे सगळं वेगळं, आणि मिळून फीपेक्षा जास्त झालं. हे कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या. आणि गुरुवारच्या सुट्टीत उरकेल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, केबलच काढायला दिवस जातो, दिवाळीच्या सुट्टीतच करा, फक्त हायड्रावाला महिनाभर आधी बुक करून ठेवा कारण त्या आठवड्यात सगळ्या भोसरीला मशीन हलवायची असतात.