किसिंग बग: फवारणी की भिंतींचा गिलावा?

मातीच्या घरांत किसिंग बग (चागस रोग पसरवणारे, रक्त पिणारे किडे) शिरलेत आणि पैसे एकाच कामापुरते आहेत. मग औषध फवारायचं की भिंती लिंपायच्या? लॅटिन अमेरिकेत चागस या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाशी झुंजणाऱ्यांना हा पेच नेहमीचा.

वेगात फवारणीला तोड नाही. पथक आलं, डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक मारलं, की घरातले किडे पटापट मरतात. 1991 पासून दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या देशांनी मुख्यतः याच जोरावर मोहीम चालवली. 'ट्रायटोमा इन्फेस्टान्स' या मुख्य वाहकामार्फत होणारा प्रसार थांबल्याचं उरुग्वेत 1997 मध्ये, ब्राझीलमध्ये 2006 मध्ये जाहीर झालं. पण औषधाचा असर ओसरतो, फेऱ्या चुकवून चालत नाही. शिवाय बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या ग्रान चाको भागात किडे औषधाला दाद देईनासे झालेत.

गिलावा कष्टाचा आणि सुरुवातीला महाग, पण घाव मुळावर बसतो. हा किडा दिवसा भेगांत दडतो, रात्री रक्त पितो आणि तिथेच विष्ठा टाकतो. खाजवताना ती जखमेत किंवा डोळ्यांत गेली की चागसचा परजीवी शरीरात. भेगाच बुजवल्या तर दडणार कुठे? (खुराडी मात्र घरापासून लांब हलवा, नाहीतर किडे तिथे मुक्काम ठोकतात.)

घरातच वस्ती करणारी जात असेल आणि उपद्रव मोठा असेल, तर आधी फवारणी. ग्वातेमालातल्या 'ट्रायटोमा डिमिडिआटा'सारखी रानातून पुन्हा पुन्हा येणारी जात असेल, किंवा औषध लागू पडत नसेल, तर पैसा भिंतींत घालावा. आधीच लागण झालेल्यांना यातलं काहीच बरं करत नाही. त्यांना रक्ततपासणी आणि औषधोपचारच हवेत.