सीनियर सिटिझन कोट्याची खोली

डिसेंबर २०२३ मध्ये हॉटेलांत सवलत देऊ म्हणणाऱ्या एका क्लबच्या सदस्यत्वापायी आमचे ७२,००० रुपये गेले. कुणी चोरले नाहीत. आम्हीच सही केली, कार्ड पुढे केलं आणि ओटीपी टाकला. म्हणून बरेच महिने मी हे कुणाला सांगितलं नाही. पण गेल्या महिन्यात आमच्याच इमारतीतल्या एका आजोबांना आम्हाला आला होता तसाच बक्षीस लागल्याचा फोन आला. ते रविवारी सपत्नीक जायला निघाले होते, तेव्हा ठरवलं की हे लिहायचंच.

आम्ही दोघं ठाण्याला नौपाड्यात राहतो. मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि हे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून. नातवाला स्वेटर घ्यायला घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमध्ये गेलो होतो. तिथं दारापाशी टेबल मांडून दोन मुली लकी ड्रॉचं कूपन भरून घेत होत्या. नाव, वय, फोन, घर स्वतःचं की भाड्याचं, क्रेडिट कार्ड आहे का, असे प्रश्न होते. बक्षिसाच्या कूपनवर क्रेडिट कार्डाची चौकशी कशाला, हे मला तिथंच खटकायला हवं होतं. मी सगळं खरं भरलं.

आठ दिवसांनी फोन आला. "काकू, अभिनंदन! दोन रात्रींचा हॉटेलचा मुक्काम आणि डिनर सेट लागलाय. रविवारी अकरा वाजता काकांना घेऊन या. दोघांनी यायलाच हवं बरं का, आणि ओळखपत्राबरोबर कार्डही आणा." दोघांनीच का, याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. दोघंही समोर असली की "घरी विचारून सांगतो" म्हणून उठता येत नाही.

एका हॉटेलच्या हॉलमध्ये वीसेक टेबलं होती. मोठ्यानं गाणी लावलेली, प्रत्येक टेबलावर एक मुलगा नाहीतर मुलगी. दर थोड्या वेळानं माइकवरून जाहीर व्हायचं की अमुक कुटुंब आपलं सदस्य झालं, आणि सगळीकडून टाळ्या. आमच्या टेबलावरच्या मुलानं आधी गाव विचारलं. आम्ही कुडाळकडचे म्हटल्यावर तो कणकवलीचा निघाला. ह्यांच्या पाया पडला. ह्यांना मधुमेह आहे, जेवणाची वेळ टळत चालली होती, तरी आम्ही अडीच तास तिथं बसून राहिलो.

त्यानं आम्हाला नेमकं कशानं गाठलं, ते सांगते. तो म्हणाला, "काका, रेल्वेनं तुमची सवलत काढून घेतली ना? आम्ही ती परत देतोय." हे अगदी दुखऱ्या जागी लागलं. २० मार्च २०२० पर्यंत साठीच्या पुढच्या पुरुषांना रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना ५० टक्के सवलत होती. करोनात ती थांबली ती थांबलीच. दरवर्षी गणपतीला गावी जाताना ह्यांना ती आठवते. त्या मुलानं नेमका ४० हाच आकडा घेतला. देशभरातल्या हॉटेलांत 'सीनियर सिटिझन कोटा', खोलीच्या दरात सरळ ४० टक्के सूट, १० वर्षं. वर दरसाल तीन रात्री मोफत. किंमत १,४५,०००, पण आज सही केली तर ७२,०००. उद्या हा भाव नाही.

ह्यांनी पत्ता विचारला. "ऑफिस वागळे इस्टेटला आहे, काका." ज्या भागात ३१ वर्षं सकाळची पाळी केली, तिथलं ऑफिस म्हटल्यावर ह्यांचा चेहरा सैल झालेला मला दिसला. २०,००० डेबिट कार्डावर, ५२,००० क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांत. करारनामा सोळा पानांचा, बारीक इंग्रजीत. सह्यांच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या, आम्ही फुल्यांवर सह्या केल्या. कराराची प्रत "किटबरोबर घरी येईल" म्हणाले. किट आलं एकोणिसाव्या दिवशी. आत लिहिलं होतं की सदस्यता रद्द करायची असेल तर सहीपासून दहा दिवसांत लेखी कळवावं.

डिनर सेट आला नाही. मोफतच्या रात्रींचं म्हणाल तर दिवाळी, नाताळ, मे महिना आणि सगळे जोडून आलेले शनिवार-रविवार 'ब्लॅकआउट' होते, म्हणजे त्या दिवसांना मोफत खोली नाही. उरलेल्या दिवसांना वेटिंग.

शेवटी फेब्रुवारीत नणंद आणि तिचे यजमान यांच्याबरोबर महाबळेश्वरला दोन रात्री जायचं ठरलं. मोफतची नाही तर नाही, निदान सवलतीची खोली घेऊ, असं आम्ही म्हटलं. क्लबनं व्हाउचर पाठवलं. खोलीचा दर ९,२००, वजा ४० टक्के, म्हणजे ५,५२०. त्यावर कर १,६५६, बुकिंग सेवा शुल्क ४५० आणि सक्तीचं रात्रीचं जेवण माणशी ९००. एका खोलीची एक रात्र ९,४२६ ला पडली. दोन खोल्या, दोन रात्री, ३७,७०४ रुपये, आणि ते आगाऊ. ४० टक्के सवलत मिळाली हे खरंच होतं, कागदावर तसं छापलेलं होतं.

हॉटेलच्या काउंटरवर नणंदेनं सहज दरपत्रक वाचलं. तीच खोली, नाश्त्यासकट, ४,८०० रुपये. मी मॅनेजरला आमचं व्हाउचर दाखवलं. भला माणूस होता, त्यानं आत बोलावून कॉम्प्युटरवर दाखवलं. आमचं बुकिंग कुठल्याही कोट्यातून आलेलं नव्हतं. कुणीही घरबसल्या करतो तसं एका नेहमीच्या ॲपवरून केलेलं होतं. आणि तो म्हणाला, "आजी, तुम्ही थेट फोन केला असतात तरी साठीच्या पुढच्यांना आम्ही १० टक्के कमी करतोच. आधार कार्ड दाखवायचं, बस." म्हणजे ४,३२०. त्यावर तेव्हाचा १२ टक्के जीएसटी धरून ४,८३८. जेवणाचे पैसे बाजूला ठेवले तरी आम्ही त्याच खोलीसाठी ७,६२६ मोजले होते.

९,२०० हा आकडा आला कुठून? याला हॉटेलवाले रॅक रेट म्हणतात. तो कागदावरचा सर्वांत चढा दर असतो आणि वर्षातले बहुतेक दिवस त्या भावानं कुणी खोली घेत नाही. आमच्या बाबतीत तर तो त्या हॉटेलचाही नव्हता, क्लबनंच लिहिलेला होता. म्हणून सवलत किती टक्के, हे विचारण्याआधी विचारा की सवलत कशावर. आज, या तारखेला, हीच खोली, कुठल्याही कार्डाशिवाय, कर धरून केवढ्याला, हा आकडा आधी हॉटेलकडून घ्या. मग टक्क्यांचं बोला.

कराचा घोळ मला खूप उशिरा कळला. भाच्यानं व्हाउचर पाहिलं आणि विचारलं, "मामी, १,६५६ कशावर?" तो ९,२०० वर १८ टक्के होता. खोलीवरचा जीएसटी छापील दरावर लागत नाही, प्रत्यक्ष घेतलेल्या पैशांवर लागतो, आणि तेव्हा रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो १२ टक्के होता. (सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे.) ५,५२० वर १२ टक्के म्हणजे ६६२. उरलेले जवळपास हजार रुपये कराच्या नावाखाली त्यांच्या खिशात गेले. व्हाउचरवरचा जीएसटी नंबर भाच्यानं जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघितला. नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. यांचा नंबर ०७ नं सुरू होत होता, म्हणजे दिल्लीचा, आणि पुढे 'रद्द' असं लिहून आलं. त्या हॉलमध्ये मोबाइलवर दोन मिनिटं काढली असती तर हे तिथंच दिसलं असतं.

ठाण्याला परत आल्यावर आम्ही रिक्षा करून तीन हात नाक्यावरून वागळे इस्टेटला गेलो. ह्यांना गल्ली लगेच सापडली. त्या पत्त्यावर महिन्यानं किंवा तासानं भाड्यानं देतात तशा केबिनचं ऑफिस निघालं. रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं की ते लोक जानेवारीतच सोडून गेले. हे काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर आपला जुना कारखाना कुठं होता तेही त्यांनी दाखवलं नाही. एरवी तिकडून जाताना प्रत्येक वेळी दाखवतात.

पैशांसाठी काय केलं ते सांगते. बँकेत दोन्ही कार्डांच्या व्यवहारांवर लेखी हरकत घेतली. उत्तर आलं की ओटीपी तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीनं झालाय. हप्ते भरावेच लागले. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, पण आम्ही दोन महिन्यांनी केला. तो नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवायचा असतो, तरच ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची काही शक्यता असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता आलं, तक्रार नोंदली गेली. कंपनीनं उत्तरच दिलं नाही. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलेली नोटीस शेरा पडून परत आली. ते पाकीट न फोडता जपून ठेवलंय, पुरावा म्हणून.

करारात एक कलम होतं की वाद झाला तर फक्त दिल्लीच्या कोर्टात जायचं. ते वाचून हे खचले. या वयात दिल्लीला कोण जाणार? एका ओळखीच्या वकीलबाईंनी समजावलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आपण मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत मात्र दोन वर्षांची. हे कळल्यावर जून २०२५ मध्ये ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून आम्ही ठाणे जिल्हा आयोगात तक्रार केली. कागद होते म्हणून जमलं. कूपनच्या फोनची तारीख, कार्डाच्या पावत्या, व्हाउचर, महाबळेश्वरच्या दरपत्रकाचा नणंदेनं काढलेला फोटो, सगळं जोडलं. तोंडी दिलेल्या एकाही आश्वासनाचा कागद नव्हता. 'सीनियर सिटिझन कोटा' हे शब्द सोळा पानांच्या करारात एकदाही नाहीत.

आमच्या पिढीला सवलतीची एकच रीत माहीत आहे. एसटीत पासष्टीनंतर ओळखपत्र दाखवलं की अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीनंतर मोफत. त्यासाठी कुणी आधी पैसे मागत नाही. हॉटेलातही खरी सवलत तशीच मिळते. मोठ्या हॉटेल साखळ्यांचं सभासदत्वसुद्धा बहुतेक ठिकाणी फुकट असतं, फोन नंबर दिला की झालं. फक्त सभासदाचा दर आणि ज्येष्ठांचा दर सहसा एकत्र मिळत नाहीत, त्यातला जो कमी पडेल तो मागायचा. दोघांपैकी एकच साठीचा असेल तर चालतं का, बुकिंग रद्द केलं तर पैसे परत येतात का, हेही फोनवरच विचारावं आणि ते मेसेजवर लिहून मागावं. हॉटेलचा नंबर इंटरनेटवर दिसला म्हणून तोच खरा धरू नका, तिथंही खोटे नंबर टाकलेले असतात. ओळखीत कुणी राहून आलं असेल तर त्यांच्या बिलावरचा नंबर घ्या. यंदा नणंदेनं तसंच केलं. पैसे पोहोचल्यावर दिले.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आधीच फसलं असेल तर त्यांना एक सांगायचंय. मागच्या मंगळवारी मला फोन आला. अदबशीर आवाज, स्वच्छ मराठी. "काकू, तुमचे ७२,००० त्या क्लबमध्ये अडकलेत ना? आमच्याकडे यादी आहे. रिफंड मंजूर झालाय, फक्त ८,५०० प्रोसेसिंग फी भरा." आमचा सदस्य क्रमांक त्याला पाठ होता. शेजारी बसलेल्या ह्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मी त्याला नंबर सावकाश परत सांगायला लावला, वहीत लिहिला, फोन ठेवला आणि भाच्याला बोलावून 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर फसवे फोन कळवायची 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथं त्याची तक्रार नोंदवली. मग खालच्या मजल्यावर जाऊन तोच नंबर त्या आजोबांनाही लिहून दिला.