ठसे वाचायला शिकायचंय: बोरिवली की मढई?

थंडीत वाटाड्याबरोबर पायी फिरून जनावरांचा माग ओळखायला शिकायचं, तर मुंबईकराला दोन पर्याय सुचवेन. एक घराजवळचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसरं मध्य प्रदेशातल्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पातलं मढई. ताडोबाच्या गाभ्यात जिप्सीतून खाली उतरता येत नाही, म्हणून ते बाद. लोक बिबट्या हवा की वाघ यावर ठरवतात. मी म्हणेन, पायाखालची जमीन बघा.

बोरिवलीत शिलोंड्यासारख्या वाटेवर पाचोळा आणि खडक. ठसा उठतो तो ओढ्याकाठच्या चिखलातच. बाकी खुणा मात्र भरपूर: बिबट्याची केसांनी भरलेली विष्ठा, दगडावर उदमांजराने टाकलेल्या बिया, रानडुकरांनी उकरलेली माती. भटकी कुत्रीही फिरतात, आणि नवख्याच्या ते पथ्यावरच पडतं. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या सहसा नाहीत. बिबट्याच्या तळव्याची मागची कड तीन भागांत विभागलेली दिसते. हा फरक एकदा डोळ्यात बसला की अर्धं काम झालं. खर्च किरकोळ, दुपारी घरी. उद्यान सोमवारी बंद असतं आणि अशा वाटांना आधी परवानगी लागते.

मढईला देनवा नदी होडीने ओलांडायची. पलीकडे बारीक धुळीच्या वाटा आणि काठाची ओली माती, म्हणजे ठशांसाठी कोरी पाटीच. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, इथून अनवाणी कोण गेलं? मग पाच बोटांपुढे लांब नखांच्या रेघा दिसतात. पुढे फोडलेलं वारूळ, आणि बोरं पिकली असतील तर बियांनी भरलेली विष्ठा. गवा, सांबर, रानकुत्री यांचे मागही मिळतात. थंडीचा खरा फायदा इथे कळतो: आजूबाजूच्या धुळीसारखेच ठशातही दवाचे बारीक खळगे असतील तर जनावर दव पडण्याआधी गेलं, ठसा कोरडा आणि कडा धारदार असतील तर नंतर.

मुंबई-जबलपूर मार्गावरच्या बऱ्याच गाड्या पिपरियाला थांबतात, तिथून पुढे गाडी. खिसा बराच हलका होतो आणि पहाटे स्वेटरवर भागत नाही.

मुलं बरोबर असतील किंवा अगदीच सुरुवात असेल, तर बोरिवली. कुत्रा-बिबट्याचा फरक जमला की मढई, पण आरक्षण करताना पायी सफारीच हवी हे स्पष्ट सांगा, नाहीतर जीपमध्ये बसवतील.