नऊ किलो, पंधरा महिने की दोन वर्षं? नातीच्या कार सीटचे चौदा महिने

लहान पोराची कार सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून कुठवर ठेवायची आणि पुढं तोंड करून कधी फिरवायची, यावरून आमच्या घरात जुंपली, त्याची ही हकिकत. सीटच्या कंपनीचं नाव लिहिणार नाही आणि दुकानाचंही नाही. दुकानदार ओळखीचा आहे, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना गाठ पडते, आणि पुढं जे लिहिलंय ते त्याला आवडणार नाही. दुकान कोल्हापुरात राजारामपुरीत आहे एवढं पुरे.

मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. ब्रेक, क्लच, पाटे यांत हयात गेली, त्यामुळं वस्तू विकत घेताना आधी उलटी करून बघायची सवय आहे. नात नऊ महिन्यांची झाली तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, आता पुण्याला जाताना मांडीवर घेऊन बसायचं नाही. सीट घ्यायची." आमच्या हिचं ठरलेलं उत्तर आलं : "माझी तिन्ही पोरं मांडीवरच वाढली की. कुणाला काय झालं?"

मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. गाडी ताशी ५० ला आहे म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. समोर काहीतरी आदळून ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं पोर हातातून पुढं ओढलं जाईल ते साधारण १४० किलोच्या जोरानं. साखरेची पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती. "एवढं धरशील हातात?" ही म्हणाली, "पोती आणि पोर एक आहे व्हय?" पण दुसऱ्या दिवशी दुकानात स्वतःहून आली.

दुकानात तीन-चार सीटा होत्या. पोरगा भारी बोलका. "काका, बेबी नऊ किलोची झाली की सीट पुढं तोंड करून फिरवायची. रूल आहे." किंमत ९,२०० सांगितली, ८,४०० ला दिली. म्हटलं आधी गाडीत बसवून दाखव, मग पैसे. पोरानं सीट उचलली आणि सरळ पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, डिकीकडं तोंड करून मांडली. "डोळ्यासमोर राहील तुमच्या." मी काही न बोलता गाडीच्या काचेवरची सनशेड खाली ओढली. त्यावर गाडीच्या कंपनीनंच स्टिकर लावलंय : बाळाची सीट, समोर फुगलेली एअरबॅग, आणि वर लाल काट. उलट्या तोंडाच्या सीटची पाठ डॅशबोर्डला चिकटून असते, एअरबॅग फुटली तर ती थेट त्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागं बसते. पोरगा म्हणाला, "आजवर कुणी सांगितलं नव्हतं काका." त्याची चूक मी धरत नाही, त्याला शिकवलंच नसेल कुणी. मालकाची धरतो.

मागच्या सीटवर बसवायला घेतली आणि दुसरी गंमत. पहिल्या सीटला गाडीचा पट्टाच पुरेना. तोंड मागं असलं की पट्टा सीटला वळसा घालून जातो, त्याला लांबी जास्त लागते, आणि आमच्या २०१६ च्या गाडीचा मागचा पट्टा चार बोटं कमी पडला. आयसोफिक्सचे हुकही (पट्ट्याऐवजी सीट थेट गाडीला अडकवायचे) आमच्या गाडीत नाहीत. दुसरी सीट बसली. म्हणून सांगतो, गाडीत बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, ऑनलाइन घेत असाल तर परत घेतात का ते आधी बघा. आणि हजार-बाराशेला पट्टेवाल्या गाद्या मिळतात, त्यांना कार सीट म्हणू नये. त्यांच्यावर मंजुरीचं स्टिकरच नसतं.

स्टिकरवरून नियमाकडं येतो, कारण घरात खरी जुंपली ती इथं. दुकानातला पोरगा म्हणतो नऊ किलो. सूनबाईचा भाऊ शिकागोला असतो, तो म्हणतो दोन वर्षं. तिची हॉस्पिटलमधली मैत्रीण म्हणते पंधरा महिने. तिघंही पैजेवर. मी रविवारी सीट अंगणात उलटी टाकली, चष्मा लावला आणि बुडाचं नारिंगी स्टिकर वाचलं. गोलात ई, शेजारी ४ आकडा (हा देशाचा नंबर, ४ म्हणजे नेदरलँड्स), वर आर ४४/०४, आणि वजन : ० ते १८ किलो. आतल्या पुस्तिकेत फोड होती. मागं तोंड १३ किलोपर्यंत, पुढं तोंड ९ ते १८ किलो.

मग कळलं की तिघंही खोटं बोलत नव्हते, तिघांची पुस्तकं वेगळी होती. आर ४४ हा युरोपचा जुना नियम, तो वजनावर चालतो. आपलं भारताचं एआयएस ०७२ हे मानकही त्याच वळणाचं. आर १२९ हा नवा, २०१३ पासूनचा, तो उंचीवर चालतो, त्यात बाजूनं धडक बसण्याची चाचणीही आहे, आणि पंधरा महिन्यांच्या आत पुढं तोंड करायला साफ मनाई. मैत्रीण हा सांगत होती. युरोपात सप्टेंबर २०२४ पासून जुन्या नियमाच्या नव्या सीटा विकत नाहीत, आपल्याकडं दुकानात सर्रास मिळतात. अमेरिकेत तर बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं दोनदा बदललं : आधी एक वर्ष, २०११ साली दोन वर्षं, आणि २०१८ साली वयाचा आकडाच काढून टाकला. सीटवर मागं तोंडाची जी कमाल उंची-वजनाची मर्यादा लिहिलीय, तिथपर्यंत मागंच ठेवा म्हणतात. शिकागोवाले पाहुणे २०११ मध्ये अडकले होते. त्यांना तसं सांगितलं तर दोन दिवस फोन नाही.

आता मला जे उमगलं ते. "९ ते १८" मधला नऊ ही परवानगी आहे, हुकूम नाही. नऊ किलोला फिरवता *येते*, फिरवायलाच *पाहिजे* असं कुठं लिहिलंय? मागं तोंड तेरापर्यंत चालतं. म्हणजे नऊ ते तेरा हे चार किलो आपल्या हातात आहेत, आणि दुकानातला पोरगा ते चार किलो पहिल्याच दिवशी फुकट घालवतो. मागं तोंड का, ते सूनबाईनं नीट सांगितलं, ती नर्स आहे : या वयात डोकं अंगाच्या मानानं फार जड, आणि मानेच्या मणक्यांत अजून बरीच कूर्चा असते. समोरून धडक बसली की पुढं तोंड असलेल्या पोराचं अंग पट्ट्यात अडकतं आणि डोकं तेवढं पुढं जातं. मागं तोंड असेल तर सगळा भार पाठीवर, सीटच्या टरफलात विभागला जातो. मेकॅनिकला हे लगेच पटतं. भार एका बोल्टवर घ्यायचा की पूर्ण प्लेटवर, तेवढाच प्रश्न.

आज नात तेवीस महिन्यांची आहे, ११ किलो ६०० ग्रॅम, अजून मागंच तोंड. येणारा-जाणारा म्हणतो, "पाय दुमडलेत की हो पोरीचे!" ती मस्त मांडी घालून बसते. आपण नाही का मांडी घालून जेवत?

बसवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सीट कितीची घेतली यापेक्षा इथं जास्त चुका होतात. आमच्या मागच्या पट्ट्याचं रीळ झटका बसला तरच लॉक होतं, एरवी सैल सुटतं. त्यामुळं नुसतं बकल लावून सीट घट्ट होत नाही. सीटच्या अंगाला प्लास्टिकचा चिमटा असतो, तो पट्ट्यावर दाबून बंद करायचा. पट्टा कुठून न्यायचा त्याच्या रंगीत खुणा असतात, मागं तोंडाला निळ्या, पुढं तोंडाला लाल. पहिल्यांदा मी चुकून लाल खाचेतून नेला होता, ही माझी कबुली. निळ्यातून नेऊन, सीटमध्ये गुडघा रोवून, पट्टा ओढून चिमटा मारला. मग पट्टा जिथून जातो तिथं धरून हलवून बघितलं. इंचभराच्या वर हलायला नको. पोरीच्या अंगावरचे पट्टे मागं तोंड असताना खांद्याच्या बरोबरीनं किंवा जरा खालून यायला हवेत, पुढं तोंड केलं की वरून. आणि खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. थंडीत जाड स्वेटर घालून पट्टे आवळू नका, धडकेत स्वेटर दबतो आणि पट्टा सैल पडतो. आम्ही आधी पट्टे लावतो, मग वरून शाल.

पहिली पुण्याची फेरी. किणी टोलपर्यंत झोप, पेठ नाक्याला रडारड, कराडच्या अलीकडं हिनं पट्ट्याला हात घातला. "काढा की, जीव जातोय पोरीचा." गाडी चालवणाऱ्या आमच्या पोराला ती हॉटेलच्या आवारात घ्यायला लावली, नातीला बाहेर काढलं, पंधरा मिनिटं फिरवलं, पुन्हा बसवलं. आता दोन तासांत एक थांबा ठरलेलाच. तिसऱ्या फेरीपासून रडणं संपलं. गाडीत बसायचं म्हणजे तिथंच, हे तिला कळलं. हिलाही.

तक्रारी सांगतो. बकलचं लाल बटण कडक आहे. पोरानं सहज उघडू नये म्हणून मुद्दामच कडक ठेवतात हे मान्य, पण आमच्या हिच्या संधिवाताच्या बोटांना ते दाबत नाही. ती एकटी नातीला गाडीतून काढू शकत नाही, आणि ही लहान गोष्ट नाही. दुसरं, काळं कापड. एप्रिलमध्ये रंकाळ्यावर अर्धा तास गाडी उन्हात होती, बकलच्या पत्र्याला हात लावला तर चटका. तेव्हापासून सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवतो. तिसरं आमचंच पाप : आज्जीनं चुरमुरे दिले, दोन दाणे बकलात गेले आणि 'खट्' आवाज येईना. पट्ट्याची जीभ आत जायची पण अडकायची नाही. तेलाचा एक थेंब सोडायला हात नुसता शिवशिवत होता. पुस्तिकेत ठळक लिहिलंय, तेल-ग्रीस नको. कोमट पाण्यात बुडवून हलवलं, दाणे तरंगत वर आले. वाळवून लावलं, खट्.

इचलकरंजीच्या भाच्यानं त्याची जुनी सीट फुकट देऊ केली होती. त्याची गाडी एकदा ठोकलेली. धडक खाल्लेलं हेल्मेट आपण वापरत नाही, तसंच हे. नको म्हटलं, तो जरा रुसला.

कायद्याचं विचाराल तर २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९४ ब कलम आलं : चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यात किंवा अशा सीटमध्ये नसेल तर हजार रुपये दंड. मला आजवर कुणी विचारलेलं नाही. दुचाकीचा नियम वेगळा, तो फेब्रुवारी २०२३ पासून : चार वर्षांखालच्या पोराला मोठ्या माणसाशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांच्या वरच्याला हेल्मेट, आणि गाडी चाळीसच्या आत. पट्टा मिळाला. हेल्मेट लक्ष्मीपुरीत सगळ्यात लहान आणलं तर नातीच्या नाकावर आलं. तूर्त तिची स्कूटर बंद.

दुकानाला पाचपैकी दोन. सीटला चार. साडेचार दिले असते, पण कव्हर धुवायला काढायचं तर सगळे पट्टे मागून सोडवावे लागतात. मी दर टप्प्याला मोबाईलवर फोटो काढत गेलो म्हणून परत जोडता आलं, तरी दीड तास गेला. आणि ते जुलैत धुतलं. कोल्हापूरच्या पावसात वाळायला तीन दिवस लागले, शेवटी पंख्याखाली खुर्चीवर टाकलं. धुवायचं असेल तर मे महिन्यात धुवा.